येस, यू मे

"सोनिया, हात बघू."

सोनियाने हात पुढे करायच्या ऐवजी दप्तराखाली सारले. राजेश्वरी मॅडमनी ते बाहेर ओढून उलटे केले. दोन्ही तळवे नखांच्या कडांपर्यंत पिवळेधमक होते.

जत तालुक्याच्या या टोकाला ज्वारी पिकते, मेंढरं चरतात. हळदीचा एक वाफा गावात नाही. आठवीतल्या पोरीचे हात असे पिवळे व्हायला इथं एकच कारण असतं.

"कुठून आली ही हळद?"

"घरात... सांडली, मॅडम."

सोनियाला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

गेल्या साली मायाचं लग्न मॅडमनीच मोडलं होतं. दोन दिवस माया शाळेत दिसली नाही, म्हणून त्या तिच्या घरी गेल्या, तर दारात मांडव. मग ग्रामसेवक, पोलीस, आरडाओरडा, बायकांच्या शिव्या. आज माया पहिल्या बाकावर बसते. गावाने महिनाभर मॅडमशी बोलणं टाकलं होतं, पण त्या मूळच्या साताऱ्याच्या आणि हट्टी. तेव्हापासून एखादी मुलगी गैरहजर दिसली की त्यांचा घरी फोन गेलाच म्हणून समजा. आज मात्र सगळ्या हजर होत्या, आणि म्हणूनच सकाळपासून मॅडम निर्धास्त होत्या.

खिडकीतून कडुलिंबाखालची जीप दिसत होती. नंबर कर्नाटकचा. ड्रायव्हर शाळेकडे तोंड करून बसला होता.

मॅडमनी ग्रामसेवकाला मेसेज पाठवला, 'सोनियाचं लग्न लावतायत बहुतेक, पोलिसांना घेऊन लगेच या,' आणि खडू उचलला. त्यांना भीती वाटत होती, पण पोरांना ती कळून चालणार नव्हतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजी 'मे' लिहिलं.

"हा 'मे' दोन कामं करतो. परवानगी मागतो, आणि काय घडू शकेल तेही सांगतो. सांगा एकेक वाक्य."

"इट मे रेन टुडे!" सूरज ओरडला. बाहेरचं रणरणतं ऊन बघून वर्ग फिदीफिदी हसला.

"टँकर मे कम टुडे," माया म्हणाली. पोरं याला जास्तच हसली.

"आता सोनिया."

सोनिया उभी राहिली. तिने शेजारच्या राणीकडे बघितलं, मग जीपकडे. "मला न्हाई येत, मॅडम," म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

राणी सोनियाच्या चुलत्याची, आकारामची मुलगी. दोघी एकाच घरात वाढलेल्या. राणी मुलखाची अबोल. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरताच. आज तर एवढ्या उन्हात मनगटापर्यंत स्वेटर आणि कानांवरून ओढणी लपेटून बसली होती. अंगात ताप असल्याचं तिने सकाळीच सांगितलं होतं.

मॅडम तिच्या बाकापाशी वाकल्या. "राणी, तू तरी खरं सांग. सोनियाचं लग्न लावतायत का?"

"न्हाई, मॅडम. सोनियाचं न्हाई."

"घरी कुणी दम दिलाय?"

राणीने मान खाली घातली. एवढं मॅडमना पुरेसं होतं. सोनियाला आज वर्गाबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

थोड्याच वेळात सोनियाचा बाप, नानासो, दारात आला. टोपी काढून त्याने नमस्कार केला.

"मॅडम, पोरींना न्यायला आलोय. राणीला ताप हाय, सोनियाला बी संगं धाडा."

"सोनिया कुठंही जाणार नाही. शाळा सुटेपर्यंत माझ्यापाशी राहील."

मॅडमना वाटलं, आता हा भांडणार. नानासो नुसता हसला. "ऱ्हाऊ द्या की. शाळा बुडवायची न्हाई, असं आता आमी समद्यांनी ठरवलंय."

सोनिया एकदम उठली. "मॅडम, मला जाऊ द्या तिच्यासंगं!"

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला दाबून बसवलं.

तेवढ्यात राणी उभी राहिली. ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून तिने फळ्याकडे बघितलं.

"मे आय गो होम, मॅडम?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. वर्षभरात राणीच्या तोंडून पहिलं इंग्रजी वाक्य, आणि तेही बिनचूक! अशा काळजीच्या घटकेलाही मॅडमना भरून आलं.

"येस, राणी. यू मे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. राणी दारात थांबली, मागे वळून बघत राहिली.

"जा, बाळा. गोळी घे आणि झोप काढ," मॅडम म्हणाल्या.

ती गेली. सोनिया सुटेपर्यंत थांबतो म्हणत नानासो पायरीवर बसून तंबाखू मळायला लागला. जरा वेळाने जीप सुरू झाली आणि धुरळा उडवत सीमेच्या रस्त्याला लागली. मॅडमना हायसं वाटलं. गेली एकदाची! सोनिया त्यांच्यापाशी बसलेली होती, अजून मुसमुसत होती, पण सुखरूप.

ग्रामसेवक दोन पोलीस घेऊन पोचले, त्यांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा नानासो सावकाश उठला.

"माझ्या पोरीचं लगीन? आवं साहेब, पोरगी तर ही काय तुमच्या म्होरं बसलीया."

"मग हे काय?" मॅडमनी सोनियाचे दोन्ही तळवे सगळ्यांसमोर धरले. "सांग बाळा, आता घाबरायचं कारण नाही. कुणी लावली तुला ही हळद?"

सोनियाने रिकाम्या झालेल्या शेजारच्या जागेकडे बघितलं.

"मला कुणीच न्हाई लावली, मॅडम. मी लावली. राणीला."