तिमोफेइचं मत

रिम्माबाईंनी मतदारयादीचं पान उलटलं आणि बघतात तर काय, त्यांचा नवरा मत देऊन गेलेला.

नाव तेच. तिमोफेइ लुकिच झुबारेव, नदीकाठची गल्ली, घर नंबर नऊ. समोर सही. आणि तिमोफेइला जाऊन अडतीस दिवस झालेले. परवा त्याचा चाळिसावा दिवस. त्या दिवशीच्या जेवणाचे गहू घरी निवडून ठेवलेले.

टेबल खरं तर झोयाचं, त्यांच्या लेकीचं. ती दोन घास खायला गेली म्हणून रिम्माबाई तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. मतदान शाळेत, मतदान घेणारे शाळेतलेच मास्तर आणि बाया, अन् सगळ्यांच्या डोक्यावर हेडमास्तर वालेरी अर्काद्येविच. कायमची रीत.

समोर शेजारचा फेदोत म्हातारा ओळख पटवायला पासपोर्ट धरून उभा होता. त्याचं नाव त्याच पानावर, दोन ओळी खाली. गडी उलटं वाचण्यात पटाईत.

"आयला, बाई! आमचा तिमोफेइ येऊन गेला की! चाळीस दिवस आत्मा घराभोवती फिरतो म्हणतात ते खोटं नाही. पण इतक्या लांब आला, अन् जाता जाता मला हाक नाही मारली?"

"फेदोत, सही कर आणि पुढे हो."

"करतो की. मी अजून माझ्याच हातानं करतो."

फेदोत मताचा कागद घेऊन गेला.

मेलेली माणसं मत देतात हे त्यांना काय नवीन? मागच्या खेपेला त्यांनी स्वतः सहा सह्या ठोकल्या होत्या. दोन मेलेल्यांच्या, चार मॉस्कोला कामाला गेलेल्यांच्या. वरून आकडा येतो. शाळा गरम ठेवणारा बॉयलर दुरुस्त करून देणंही वरच्यांच्याच हातात, आणि तोवर पोरं अंगात कोट घालून अक्षरं गिरवतात. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पण तिमोफेइ?

सुतार माणूस. जुन्या राजवटीत कागदावर नाव एकच असायचं. लोक कागद घ्यायचे, तसाच पेटीत सोडायचे, आणि एरवी न मिळणारं, तिथेच विकायला ठेवलेलं सॉसेज घेऊन घरी. पडद्यामागे कोणी गेला की समजायचं, हा नाव खोडतोय. तिमोफेइ जायचा. कानावरची लाल शिशाची पेन्सिल काढायचा आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली. दोनदा बोलावून दम दिला, दोनदा हसत घरी आला. फक्त राजवट बदलली त्या एक्क्याण्णव साली, कागदावर बरीच नावं होती तेव्हा, लग्नातला टाय बांधून गेला आणि एक नाव शाबूत ठेवून आला. पाच वर्षांनी पेन्सिल परत कानावर.

अशा माणसाला मेल्यावर धरून आणलं. आता तो वरच्यांच्या गठ्ठ्यात.

कुणी? सही तर हुबेहूब त्याची. रिम्माबाईंनी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेला. गावातला प्रत्येक हात त्यांनी धरून वळवलेला. त्यांनी पानाखाली बोट फिरवलं. मागून रेघा वर आलेल्या. खालच्या पानावरही. त्याच्याही खालच्या.

इतकं दाबून लिहिणारं एकच पोर त्यांनी शिकवलं होतं. 'कागदावर राग काढू नकोस, झोया,' रोज सांगायच्या.

झोया आली. एक हात स्वेटरच्या खिशात.

"हे तू केलंस?"

झोयाने यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "सकाळी सरांनी सात नावं दिली. त्यात बाबा होते."

"आणि तू केलंस! सख्ख्या बापाचं. अजून चाळिसावा व्हायचाय त्याचा!"

"आई, हळू बोल. मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

"करू द्यायचं होतं दुसऱ्याला!"

रिम्माबाई उठल्या. हेडमास्तर पेटीपाशी उभे होते. त्यांच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर सांगायचं, माझा नवरा मेलाय, त्याला सोडा. मग नोकरी जाऊ दे नाहीतर बॉयलर जाऊ दे. त्या तरातरा गेल्या.

पेटी प्लास्टिकची, आरपार दिसणारी. पांढऱ्या कागदांचा ढीग आत. आणि एक कागद भिंतीला चिकटून उभा राहिलेला.

त्याच्यावर लाल फुली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. इतकी दाबून काढलेली की मधोमध कागद फाटलेला.

"बोला, रिम्मा येगोरोव्ना," हेडमास्तर म्हणाले.

रिम्माबाईंनी पेटीची कड धरली.

"बरं नाही का वाटत?"

"नाही... पाय आखडले होते. मोकळे करतेय."

त्या टेबलापाशी परत आल्या. खाली बसल्या.

"बाकीच्या सहांचं काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं तसं," झोया म्हणाली. मान खाली.

"हात काढ बाहेर."

झोयाने खिशातला हात काढला. तीन बोटं लाल.

रिम्माबाईंनी रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं, लेकीचा हात टेबलाखाली ओढला आणि पुसायला लागल्या. पलीकडून हेडमास्तर चालत येत होते. त्या पुसत राहिल्या. सुताराच्या पेन्सिलीचा रंग तो, लवकर निघतो होय?