मांडीवरचे पाय

राजा गुर्गानचे पाय आज एका जागी राहत नव्हते. खाली दालनात अंथरलेल्या गवतावर बसलेला तेगिद ते मांडीवर धरून होता. मेजवानीत राजाचे पाय मांडीवर घ्यायचे, चोळायचे, खाजवायचे, हेच त्याचं काम. हसू नका, या डोंगरमुलखात त्या कामाला मोठा मान आहे. पाय मांडीवर आहेत तोवर तेगिदने ज्याला अभय दिलं, त्याच्या केसालाही कोणी धक्का लावायचा नाही. राजा उठला की अभय संपलं.

आणि आज त्याने अभय दिलं होतं ते सख्ख्या जावयाला. इद्नोने भर दरबारात कारभाऱ्याच्या थोबाडीत मारली होती. त्याची शिक्षा म्हणजे उजवा हात मनगटापासून तोडायचा. पोरगं नदीपलीकडच्या मठाकडे पळालं होतं. ते पोचलं की मठाची घंटा वाजणार, आणि मग राजाचाही इलाज नाही. पण घंटा काही वाजत नव्हती. दाराशी शिपाई घोड्यांचे लगाम धरून खोळंबले होते.

टाचा चोळून चोळून तेगिदचे अंगठे भरून आले. घरी मुलीचे दिवस भरलेले, आणि नांगर धरायला इद्नोशिवाय कोणी नाही.

कारभारी सुजलेला गाल घेऊन राजाच्या कानाशी लागला होता. मांस संपलं, मधाची दारू संपली, आता बसायचं कशासाठी, असं त्याचं चाललं होतं. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महाराज, एका नोकराने तुम्हाला बांधून ठेवलंय, असं लोक बोलतील."

राजाने पेला आपटला. "मला कोण बांधतो? हा बघ, उठलोच."

तेगिदचा धीरच सुटला. राजाला अडवायची त्याची काय बिशाद? त्याने हात काढून घेतले आणि डोळे मिटले.

मांडीवरचं ओझं हललं नाही. राजा कारभाऱ्यावर ओरडत होता, शिपायांवर ओरडत होता, घोडे तयार आहेत का म्हणून विचारत होता. उठतोय, उठतोय म्हणत होता. मघापासून चुळबुळणारे पाय मात्र गप्प पडून होते.

नदीपलीकडून घंटा ऐकू आली.

"अरे, सोड की आता," राजा सगळ्यांदेखत खेकसला. "किती घट्ट धरशील?"

तेगिदचे दोन्ही हात केव्हाचे गवतावर होते.