मागचं तिकीट

"अकेले जारे क्या जी?" सोमवारी बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईनं सहज विचारलं आणि अनुराधा दचकली.

"नै, नै. वो हैं ना. पीछे," ती बोलून गेली.

हैदराबादच्या बसची रीतच तशी. बायका पुढच्या दारानं चढणार, पुरुष मागच्या. जोडपं असलं तर तिकिटं मागे नवऱ्यानं काढायची, पुढे बायकोनं कंडक्टरला नुसतं 'पीछे' म्हणायचं. कंडक्टर नेमका तिच्यापुढेच उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तिकीट न देताच तो गर्दीत मागे घुसला.

झालं! आता हा परत येणार आणि साऱ्या बसदेखत आपली शोभा करणार. मागे कुठला आलाय नवरा? सुधीर होता तिकडे अमेरिकेत. त्या वर्षी कॉम्प्युटरवाल्यांना तिकडून धडाधड बोलावणी येत होती, तसं त्यालाही आलं. विद्यानगरच्या फ्लॅटची किल्ली हिच्या हातात ठेवताना त्यानं एवढंच बजावलं होतं, "एकटी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस."

पुण्यात ही बाई कायम स्कूटरवर त्याच्या पाठीमागे बसून फिरलेली. रस्तासुद्धा एकटीनं ओलांडायची वेळ आली नव्हती. आणि आता सुलतान बाजारातल्या एका वर्गात मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवायची नोकरी हिनं हट्टानं धरली होती. घरात भिंतींशी किती बोलायचं माणसानं? ही नोकरी गेली की फ्लॅटला कुलूप आणि मुक्काम सासूबाईंकडे, हे ठरलेलंच होतं.

कंडक्टर परत आला. अनुराधानं डोळे मिटून घेतले.

"साब ले लिए, अम्मा," तो म्हणाला आणि पुढे सरकला.

कोण साब? तिनं वळून पाहिलं. नुसते खांदे आणि वर धरलेले हात.

दुसऱ्या दिवशी तिनं पैसे मुठीतच धरले होते. चिक्कडपल्ली मागे पडली, कंडक्टर आला आणि तिनं तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पीछे हो गया, अम्मा." उतरल्यावर तिला तो माणूस दिसला. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी, वय सत्तरीच्या घरातलं. मागच्या दारानं उतरून तो लगबगीनं पुढच्या दाराशी आला आणि उतरणाऱ्या एकेका बाईच्या तोंडाकडे निरखून पाहू लागला. अनुराधा जी सुटली ती थेट वर्गात जाऊन थांबली.

बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. म्हातारा रोज आणखी घाईनं पुढे यायचा. ह्या वयात ही थेरं! सांगणार तरी कुणाला? शेजारी तेलुगू, तिला तेलुगूतलं एक अक्षर येत नाही. रात्री उशी छातीशी धरून ती रडली. इतकं एकटं तिला सुधीर गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे सुधीरचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं.

"मी म्हणालोच होतो," तो म्हणाला. "सोड ती नोकरी. हौसेचीच तर आहे. उद्याच आईकडे जा."

"उद्या?"

"मग काय, काही झाल्यावर? ठेवतो, मीटिंग आहे."

तिनं रिसीव्हर ठेवला. मग आतून काहीतरी चिडून उठलं. एका म्हाताऱ्याच्या भीतीनं गाशा गुंडाळायचा? मुळीच नाही.

त्या दिवशी सुलतान बाजार आल्यावर ती पळाली नाही. उतरून तरातरा मागच्या दाराशी गेली. म्हातारा दांडा धरून खाली उतरला. त्याच्या मुठीत दोन तिकिटं होती.

"काय हो," तिला हिंदी सुचेना, तोंडातून मराठीच आलं, "लाज नाही वाटत? माझं तिकीट काढायला कोण तुम्ही माझे?"

म्हातारा बावरला. पण उत्तर आलं तेही मराठीतच. "तुमचं? तुमचं कशापायी काढू बाई मी? वळख ना पाळख."

"मग हे दुसरं कुणाचं?"

"आमच्या मंडळीचं. भामाचं. पुढं बसती ती." बोलताबोलताही त्याची नजर तिच्या खांद्यावरून पुढच्या दाराकडे जात होती. "सरका जरा, उतरंल ती."

अनुराधा ओशाळली. बिचारा बायकोला शोधत होता आणि आपण काय काय समजून बसलो! ती बाजूला झाली. बायका उतरल्या, आपापल्या वाटेला लागल्या. बस रिकामी झाली आणि निघूनही गेली. म्हातारा रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

"आजोबा, कुठे आहेत त्या?"

त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"गेली की वो ती, दिवाळीच्या आदी. मला कळत नाही व्हय? पर चाळीस वर्सं दोन मागितली, तोंडातून दोनच निघतंय. कंडक्टर बिचारा रोज समजवायचा, 'आगे कोई नै, साब.' मीबी 'हौ' म्हनून एक परत करायचो." तो थांबला. दोन्ही तिकिटं त्यानं मुठीत घट्ट धरली. "सोमवारी पैल्यांदाच म्हनला, 'हौ साब, अम्मा आगे बैठे हैं.'"