तीन नंबरचं इंजिन

विमान जागेवरच उभं होतं आणि तरी सार्जंट एमरी हुकस्ट्रा आभाळाकडे बघत बसला होता.

या तळावर प्रत्येक बॉम्बर विमानाला एक मुख्य मेकॅनिक असे. सगळे त्याला चीफ म्हणत. विमान चीफचं, वैमानिक आणि त्याची नऊ माणसं ते सकाळी जर्मनीवर नेणार आणि दुपारी परत आणून देणार, असा इथला रिवाज. दुपार झाली की चीफ मंडळी इंग्लंडातल्या त्या ओल्या गवतात सायकली आडव्या टाकून बसत आणि आपापलं विमान दिसलं की उठत. आज हुकस्ट्राची 'ओपल मावशी' त्याच्या पाठीशीच उभी होती. तिचा वैमानिक लेफ्टनंट प्रूइट, त्याला ज्या मावशीने लहानाचं मोठं केलं, तिचं नाव त्यानेच विमानाच्या नाकावर रंगवून घेतलं होतं. प्रूइट मात्र आज लिंडेल नावाच्या दुसऱ्या चीफच्या विमानात होता.

तो लिंडेलही शेजारीच बसला होता.

"माझं विमान, तुझी माणसं," लिंडेल म्हणाला. "एकाच विमानाची वाट बघणारे दोघं. असं कधी झालं नव्हतं बघ."

कशाची वाट बघायची, हेच हुकस्ट्राला धड कळत नव्हतं. ओळखीचा आकडा नाही, ओळखीचा रंग नाही.

प्रूइट बावीस वर्षांचा, महाटवाळ. बावीस मोहिमांत विमानात चढताना त्याचं एकच वाक्य ठरलेलं. "मावशीला उशीर झाला तर जेवायला थांबू नका, चीफ." आज सकाळी ते वाक्य आलं नाही. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला. "खूप केलंत तुम्ही आमच्यासाठी," तो म्हणाला. परवा पलीकडच्या विमानाचा वैमानिक असाच गोड बोलून गेला होता आणि आला नव्हता. दिवसाढवळ्या जायचं म्हणजे जमिनीवरच्या जर्मन तोफवाल्यालाही सगळं लख्ख दिसतं.

पाच मिनिटांनी चारही इंजिनं सुरू असताना हुकस्ट्रा वर चढला. "तीन नंबर तापतंय. मावशी आज जाणार नाही."

"काटा तर बरा दिसतोय," प्रूइट म्हणाला.

"तुम्ही विमान चालवा, लेफ्टनंट. इंजिनाचं मला कळतं."

चीफ नाही म्हणाला की विषय संपला. प्रूइटने इंजिनं बंद केली. दहाही जण खाली उतरून जरा भांबावल्यासारखे उभे राहिले, सुट्टी मिळाली की शिक्षा हे न कळल्यासारखे. तेवढ्यात जीप आली. "लिंडेलचं विमान तयार आहे, पळा!" काल संध्याकाळी ते विमान एका बाजूला टेकू देऊन, चाक काढून उभं होतं. सगळ्या तळाने पाहिलं होतं. त्याखेरीज दुसरं मोकळं विमान तळावर नव्हतं. दहा जण पॅराशूट काखोटीला मारून ट्रकमध्ये चढले. हुकस्ट्राने हात वर केला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नंतर दिवसभरात त्याने तीन नंबर चार वेळा चालवून बघितलं.

"मस्त चाललंय की, चीफ," मदतनीस म्हणाला.

"अजून एकदा लाव."

तीन वाजून गेल्यावर विमानं यायला लागली. अठरा गेली होती, तेरा उतरली. उतरलेल्या माणसांचा एक ट्रक मावशीजवळून गेला. पाठीमागच्या फळीवर बसलेल्या एका तोफवाल्याने ते नाव वाचलं आणि चेहऱ्यावरचा ऑक्सिजनच्या मास्कचा वळ चोळत ओरडून म्हणाला, "प्रूइटला सांगा, आज आला नाहीस ते बरं केलंस!"

ट्रक निघून गेला.

लिंडेल सायकल घेऊन विचारत फिरला. एक म्हणाला, त्या विमानातून सहा पॅराशूट उघडली. दुसरा म्हणाला, एकही नाही. तिसऱ्याच्या मते ते विमान लिंडेलचं नव्हतंच. त्यात कोण बसलंय हेच कोणाला माहीत नव्हतं, तर नीट बघणार कोण? साडेचार वाजले. टाकीतलं पेट्रोल त्यापुढे पुरत नाही, हे चीफ लोकांना कोणी सांगावं लागत नाही. बाकीचे आपापल्या सायकली उचलून गेले.

लिंडेल परत येऊन गवतात बसला तो खाली मान घालूनच.

"पहाटे चाक बसलं," तो म्हणाला. "माझी पोरं म्हणत होती, झोपू या, उद्या बघू. मीच हट्टाला पेटलो. पाठीचे काटे ढिले झाले, पण बसवलं." त्याने मूठभर गवत उपटलं. "झोपलो असतो तर तुझी माणसं आत्ता पत्ते कुटत बसली असती. माझ्या चाकाने मारलं त्यांना, एमरी."

हुकस्ट्राने मावशीकडे बघितलं. गप्प राहिलं तरी चाललं असतं. दुरुस्तीच्या वहीत एक ओळ खरडली की काम संपलं. कोणी विचारायला येणार नव्हतं. लिंडेल मात्र ते चाक जन्मभर वाहत राहिला असता. भला माणूस होता तो. त्याने आपलं काम चोख केलं होतं, इतकंच.

"तुझ्या चाकाने नाही," हुकस्ट्रा म्हणाला. "तुझं विमान अजून टेकूवरच असेल असं धरून मी बोललो. तीन नंबरला काहीच झालं नव्हतं."