चढावरचे दोन आकडे

“तेल एकशे पंधरा,” मावशीने वाचून दाखवलं. “दाब चार.”

गाडीत तिच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर तेलाचं तापमान सत्त्याण्णव दिसत होतं. दाब मात्र खरोखरच चार होता.

उस्तादांनी कुरकुरत गाडी वळणापाशी मोकळ्या जागेत घेतली. उतरून बॉनेट उघडलं, आत एक नजर टाकली आणि कडेच्या बाकावर जाऊन बसलेल्या मावशीशेजारी येऊन बसले. समोर दरी हिरवीगार पसरली होती.

“थंड होऊ दे जरा,” ते म्हणाले.

“होऊ दे की,” मावशी म्हणाली आणि मनातल्या मनात हसली.

गाडी जुनी, इंजिनाची ताकद मात्र उस्तादांनी स्वतः वाढवलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्यावर, गॅरेज लेकीच्या हाती सोपवून, त्यांनी हा एकच हट्ट पुरवून घेतला होता. टर्बो बसवला तेव्हा लेकीने बजावलं, तेलावर लक्ष ठेवल्याशिवाय चढावर न्यायची नाही. सेन्सर बसवायला इंजिनाला भोक एकच मोकळं होतं. मग तेलाचा दाब आणि तापमान दोन्ही एकदम सांगणारा सेन्सर आणला, बोटाएवढा. उस्तादांना लांबचं लख्ख दिसे, जवळचं धूसर. आणि चष्मा लावून गाडी चालवणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून पडदा मावशीसमोर बसला आणि आकडे वाचायचं काम तिच्याकडे आलं.

पूर्वी असलं काही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या गाडीत उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवून सांगायचे, आज हिचा मूड बरा नाही. मावशीला ते दिवस आठवले की तो तळहातच आधी आठवायचा, काळा आणि उबदार.

डोंगरावर तिची थोरली बहीण राहायची. दर आठवड्याला तिच्याकडे जाणं ठरलेलं. बहिणीचा मुलगा लहानपणी शिकायला मावशीकडेच राहिला होता. त्याची हाक सगळ्या गल्लीने उचलली आणि ती सगळ्यांचीच मावशी झाली. तो भाचा आता डॉक्टर होता. हिवाळ्यात त्याने दोघांनाही तपासलं. उस्तादांशी आत बराच वेळ बोलला आणि मग मावशीला एकटीला बाजूला घेतलं.

उस्तादांचं हृदय थकलंय, तो म्हणाला. जेवणात मीठ कमी, दुपारी झोप, आणि प्रवासात सलग बसणं नको. अधूनमधून उतरून मोकळ्या हवेत शांत बसायचं. पण त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, कळलं तर धसका घेतील.

आयुष्यात मावशीने काही मागितलं असेल तर एवढंच, की हा माणूस शेजारी असावा. पण हा माणूस म्हणजे असा, की थकलात का विचारलं तर गाडी आणखी पळवणार.

मग तिने तेल तापवायला सुरुवात केली.

घरातही तिने सगळं गोडीगुलाबीने बसवलं. त्यांना शंका येऊ नये म्हणून स्वतःही अळणी जेवली. दुपारी एक मिनिट पाठ न टेकणारी बाई, त्यांना झोप यावी म्हणून शेजारी आडवी होऊ लागली. उस्ताद तिला गमतीने आळशी म्हणायचे. चढावरच्या थांब्यावर ते न विसरता तिला भाच्याने दिलेली हाडांची गोळी द्यायचे. त्यांच्या नादाने तिलाही बरं वाटत होतं. जिना चढताना आता मधे कठडा धरावा लागत नव्हता. परवाच भाच्याने दोघांना पुन्हा तपासलं आणि म्हणाला, “छान चाललंय मावशी. असंच चालू दे.” ती घरी येताना रस्ताभर गुणगुणत होती.

त्याच आठवड्यात ती लेकीला डबा द्यायला गॅरेजमध्ये गेली. एक गिऱ्हाईक तक्रार करत होतं, की पडद्यावर तेल भलतंच तापलेलं दिसतंय.

“आणि दाब?” लेकीने विचारलं.

दाब होता तिथेच, असं गिऱ्हाईक म्हणालं.

“मग गाडी ठीक आहे. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब उतरतो. एक आकडा चढला आणि दुसरा हललाच नाही, तर एक तर सेन्सर बिघडलाय, नाहीतर वाचणारा थापा मारतोय.”

मावशीने हातातला चहा खाली ठेवला.

पुढच्या फेरीला, नेहमीच्या वळणापाशी येताच, तिने घसा साफ केला. “तेल एकशे पंचवीस. दाब तीनच्या खाली गेला.”

उस्तादांनी एका क्षणात गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि धावतच पुढे गेले. आज त्यांनी बॉनेटमध्ये खरोखर डोकं घातलं, तेलाची पट्टी काढून पाहिली, गाडीखाली वाकले. मग खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, इंजिन पुन्हा चालू केलं आणि पडद्याकडे निरखून पाहत राहिले. तापमान शहाण्णव. दाब चार.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे चष्म्याची घडी घातली.

“लेकीने शिकवलं वाटतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, पहिल्या दिवसापासून. तुझं तेल उकळायचं आणि दाब खांबासारखा उभा. चाळीस वर्षं इंजिनं उघडली मी.”

मावशीला हसू आलं आणि रागही. “मग इतके दिवस थांबत का होतात?”

उस्तादांनी तिला हात देऊन बाकावर बसवलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

“स्वतःसाठी थांब म्हटलं असतं, तर थांबली असतीस?”

मावशीने गोळी उलटसुलट करून पाहिली.

“घे आधी. हाडांची नाही, हृदयाची आहे ती,” उस्ताद म्हणाले. “माझं हृदय ठणठणीत आहे. भाच्याला तुझ्याशी खोटं बोलायला मीच लावलं होतं.”