मोंढ्यातला लिंब

चोपन्न सालच्या मे महिन्यात परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुंबईचे फिल्मवाले आले. शहरातल्या उन्हाळ्यावर त्यांना माहितीपट काढायचा होता. मोंढ्यात कडुलिंबाचं एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत पेडगावची भागुबाई ताक विकायला बसायची.

"सावलीतली बाई उन्हानं त्रासलेली वाटत नाही," असं म्हणत फिल्मवाल्यांच्या साहेबांनी फांद्या छाटायला माणूस चढवला.

"उतर खाली, मुडद्या! तुज्या बापानं लावलाय का लिंब?" भागुबाई कडाडली.

"मावशी, दोन मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले.

"अन् सावली दोन मिनटात वाढंल व्हय रं?"

दुपारपर्यंत नुसता बुंधा उरला. ताक नासलं. भागुबाई भर उन्हात उभी राहून शिव्या देत होती आणि कॅमेरा चालू होता.

पुढच्या उन्हाळ्यात मोंढ्यातच पडदा बांधून तो माहितीपट दाखवला. आपल्या शिव्या आता साऱ्या परभणीला ऐकू जाणार, म्हणून भागुबाई अगदी पुढं जाऊन बसली. पडद्यावर बोडका लिंब आला, हातवारे करणारी भागुबाईही आली. पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता, शांत आणि भारदस्त :

"ही अडाणी माणसं आपल्याच हातानं झाडं तोडतात आणि मग उन्हाच्या नावानं ओरडत बसतात."