म्हशीच्या पायऱ्या

लोगो म्हणजे संस्थेचा आत्मा असतो, असं प्रबुद्ध सत्त्याण्णव साली पुण्याच्या कॉम्प्युटर कोर्समध्ये शिकून आला होता. कवठे महांकाळच्या दूध संघाचे चेअरमन नाथाजी यांच्या मते हा आत्मा त्यांच्याच गोठ्यात बांधलेला होता. त्यांनी आपल्या म्हशीचा फोटो प्रबुद्धच्या छपाईच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला.

"ह्योच स्कॅन कर. पेंटरला संघाच्या टाकीवर काढाय द्यायचाय."

प्रबुद्धनं तर तीन दिवस खपून कोरल या कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये रेघांची म्हैस काढली होती. चेअरमन बिनसले, तर संघाचं वर्षाचं छपाईचं काम सांगलीच्या प्रेसला जाणार होतं, आणि त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"आवं चेअरमन, फोटो बारा फूट केला की कडंला जिन्यावानी पायऱ्या दिसत्यात. रेघांची म्हैस कितीबी मोठी करा, गुळगुळीत ऱ्हाती."

"पर ती म्हैस कुणाची?"

"कुणाचीच न्हाई. लोगो हाय."

"मग संघबी कुणाचाच न्हाई म्हन की!"

 पुरावा म्हणून प्रबुद्धनं स्कॅन केलेला फोटो कागदभर मोठा करून छापला. शिंगापासून शेपटीपर्यंत नुसत्या पायऱ्या. नाथाजींनी कागद लांब धरून बराच वेळ बघितला, घडी घालून खिशात टाकला आणि ते निघून गेले.

आठ दिवसांनी छपाईचं काम त्यालाच दिल्याचा निरोप आला. प्रबुद्ध धावतच टाकी बघायला गेला. पेंटरनं कागदावरची एकूण एक पायरी पट्टी लावून काढली होती.